एक चौरस सेंटिमीटर टक्कल

प्रश्न असा आहे : “वय २७. कपाळाच्या दोन्ही बाजू मागे सरकल्या आहेत आणि टाळूवरही विरळ झाले आहे. हेअर फॉलिकल, म्हणजे ज्यातून केस उगवतो ती कातडीतली पिशवी, नव्याने निर्माण करणारा उपचार लवकरच येणार असे वाचतो. आमच्या शहरातील एक क्लिनिक तर तो ‘स्टेम सेल’ने (म्हणजे इतर पेशी घडवू शकणाऱ्या मूळ पेशींनी) आजच करून देतो म्हणते. थांबावे, की करून घ्यावे?”

थांबू नका, आणि करूनही घेऊ नका. उत्तर खरे तर एवढेच आहे. परंतु या प्रश्नाच्या दोन्ही वाटांनी आमच्या घरातील एकेक माणूस जाऊन आला आहे. थांबण्याच्या वाटेने मी गेलो आणि करून घेण्याच्या वाटेने माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, गेले. दोघांत अधिक फसले कोण, हा वाद दर गणपतीला आरतीनंतर उभा राहतो, त्यामुळे हे उत्तर लांबले तर आश्चर्य मानू नये.

माझी गोष्ट आधी सांगून टाकतो, कारण ती लहान आहे. १९९९ साली मी २४ वर्षांचा होतो. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करून इथल्याच एका औषध कारखान्याच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात लागलो होतो आणि जुन्या सवयीने सुट्टीच्या दिवशी हंसा मेहता ग्रंथालयात नियतकालिके चाळायला जात असे. त्या वर्षाच्या अखेरीस ‘नेचर’मध्ये इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठाच्या अमांडा रेनल्ड्स आणि कॉलिन जाहोडा यांचा एक छोटा लेख आला. पुरुषाच्या डोक्यावरील फॉलिकलच्या तळाशी असलेल्या आवरणातील पेशी काढून त्या एका स्त्रीच्या हाताच्या कातडीत ठेवल्या, तर तिथे नवी फॉलिकल तयार होऊन त्यांतून केस उगवले, आणि परक्या पेशी असूनही त्या स्त्रीच्या शरीराने त्या फेकून दिल्या नाहीत, असे त्यात होते. माझ्या कपाळाचे दोन्ही कोपरे तेव्हा नुकतेच मोकळे होऊ लागले होते. केसगळती रोखणाऱ्या फिनास्टेराइडच्या १ मिलिग्रॅमच्या गोळीला अमेरिकेत डिसेंबर १९९७ मध्येच मान्यता मिळाली होती आणि औषध कारखान्यातील माणसाला ती ठाऊक नव्हती असे म्हणण्याची सोय नाही. तरीही मी ती घेतली नाही. रोज एक गोळी घेणे म्हणजे गळक्या छपराखाली आयुष्यभर बादली ठेवणे आहे, आणि दहा वर्षांत नवे छपरच येणार आहे, असा माझा हिशेब होता.

२००७ मध्ये तो हिशेब मला आणखी पक्का वाटला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जॉर्ज कॉट्सारेलिस यांच्या गटाने दाखवले की प्रौढ उंदराच्या पाठीवर पुरेशी मोठी जखम केली, तर भरून आलेल्या कातडीच्या मध्यभागी अगदी नवी फॉलिकल तयार होतात. प्रौढ सस्तन प्राण्यात नवे फॉलिकल होतच नाही, ही आमच्या पाठ्यपुस्तकातली समजूत त्यामुळे हलली. त्या उंदरांचे नवे केस बिनरंगाचे, पांढरे होते, याकडे मी तेव्हा फार लक्ष दिले नाही. बत्तिसाव्या वर्षी टाळू पूर्ण उघडी पडलेल्या माणसाला पांढरे केसही चालले असते.

छप्पर अजून आलेले नाही. ते का आले नाही हे समजून घेतल्याशिवाय क्लिनिकवाल्यांचे बोलणे किती पोकळ आहे हे कळणार नाही, म्हणून थोडे त्याविषयी. फॉलिकलच्या तळाशी पेशींची एक लहानशी गुठळी असते, तिला डर्मल पॅपिला म्हणतात. वरच्या कातडीला ‘इथे केस घडव’ असा हुकूम तीच देते. या पेशी काढून प्रयोगशाळेतील ताटलीत वाढवता येतात, पण सपाट थरात वाढवल्या की काही पिढ्यांतच त्या हुकूम देण्याची विद्या विसरतात. २०१३ मध्ये जाहोडा आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील अँजेला क्रिस्टियानो यांच्या गटांनी या पेशी उलट्या लटकवलेल्या थेंबांत वाढवून त्यांना पुन्हा गोळा होऊ दिले, तेव्हा ती विद्या काही प्रमाणात परत आली आणि सातपैकी पाच जणांच्या पेशींनी माणसाच्या कातडीत केस उगवून दाखवले. मात्र ती कातडी सुंतेत काढलेली होती आणि उंदराच्या पाठीवर कलम केलेली होती. २०२० मध्ये कार्ल कोहलर यांच्या गटाने माणसाच्या स्टेम सेलपासून चार-पाच महिन्यांत केसांसकट कातडीचे गोळेच तयार केले. ही सगळी कामे अस्सल आहेत आणि त्यांच्याविषयी मला आजही तितकेच अप्रूप आहे. पण डोक्यावर लागणारे केस हजारांनी मोजावे लागतात, ते एका दिशेने झुकलेले लागतात, त्यांना रंग लागतो, एकदा गळून गेल्यावर त्याच जागी वर्षानुवर्षे पुन्हा उगवण्याचे त्यांचे चक्र चालू राहावे लागते, आणि ज्या संदेशांनी पेशींना नवे अवयव घडवायला लावायचे त्याच संदेशांच्या बिघाडातून कर्करोगही होतात. थेंबापासून टाळूपर्यंतचे हे अंतर आहे.

दुसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या अडाणीपणाची आहे. पुरुषी टकलात फॉलिकल मरून जाते असे मी धरून चाललो होतो. ते मरत नाही, आखडते. दर चक्रात वाढीचा काळ कमी होत जातो, जाड केसाच्या जागी बारीक केस येतो आणि शेवटी लव उरते. कॉट्सारेलिस यांच्याच गटाने २०११ मध्ये त्याच माणसांच्या टक्कल पडलेल्या आणि न पडलेल्या भागांतील कातडी तपासली, तेव्हा दोन्हीकडे स्टेम सेल जवळजवळ सारख्याच संख्येने सापडल्या. कमी होत्या त्या त्यांच्यापासून पुढे तयार होणाऱ्या, कामाला लागणाऱ्या पेशी. म्हणजे कोठारात कडधान्य आहे, पण त्याला मोड येत नाहीत. झोपलेल्या या पेशींना जागे करण्याचीही एक वाट आहे. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २०१७ मध्ये दिसले की त्या पेशींत लॅक्टेट वाढवले की उंदरांचे केस वाढीच्या टप्प्यात येतात, आणि त्या कामातून पुढे आलेल्या, डोक्याला लावायच्या औषधाच्या माणसांवर चाचण्या चालू आहेत. पुढील काही वर्षांत काही आलेच, तर माझ्या अंदाजाने ते अशा वाटेने येईल. नवी फॉलिकल पेरण्याच्या वाटेने नव्हे. आणि तेव्हाही ज्याची फॉलिकल कमी आखडलेली असतील त्यालाच जास्त मिळेल. म्हणून थांबणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

आता भावोजी. २०१८ च्या गणपतीत ताईच्या रावपुऱ्यातील घरी जेवणाच्या पंगतीत त्यांनी जाहीर केले की अलकापुरीतील एका क्लिनिकमध्ये त्यांनी ‘स्टेम सेल फॉलिकल रिजनरेशन’चा वर्षभराचा कोर्स घेतला आहे आणि त्याचे १ लाख ३२ हजार रुपये भरून टाकले आहेत. मी विचारले, की पेशी कुठून काढणार, कुठे वाढवणार आणि किती आहेत हे कोण मोजणार. भावोजी म्हणाले, “दंडातून रक्त काढतात, यंत्रात फिरवतात आणि तेच डोक्यात टोचतात.” मी म्हणालो, की याला पीआरपी (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा) म्हणतात, यात प्लेटलेट असतात, आणि ज्या प्लेटलेटला स्वतःचे केंद्रकही नसते ती कुणाचे फॉलिकल काय होणार. त्यावर मोदकाचे ताट हातात असलेल्या ताईसमोर आणि तिच्या सासरच्या चौदा माणसांसमोर भावोजी म्हणाले, “ज्याला स्वतःच्या डोक्यावरचे राखता आले नाहीत, त्याने दुसऱ्याचे मोजू नयेत.” पंगत हसली. मीही हसलो, पण मोजायचे मी तिथेच ठरवले.

मोजण्याची पद्धत माझी नव्हे. फिनास्टेराइडच्या मूळ चाचण्यांत टाळूवर १ इंच व्यासाचे वर्तुळ ठरवून त्यातले केस मोजले होते. सुरुवातीला सरासरी ८७६ होते आणि वर्षाअखेर गोळी घेणाऱ्यांत, बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत, १०७ अधिक होते. तिथे जागा पुन्हा सापडावी म्हणून कातडीवर गोंदणाचा ठिपका देतात. भावोजींच्या टाळूवर ती सोय जन्मतःच होती, कारण तिथे एक काळा तीळ आहे. जुन्या एक्स-रेच्या फिल्ममध्ये मी एक चौरस सेंटिमीटरची खिडकी कापली, तिचा एक कोपरा तिळावर आणि एक बाजू नाकाच्या रेषेत ठेवली, तेवढ्याच जागेतले केस न्हाव्याकडून अगदी आखूड करून घेतले आणि कारखान्यातले दहापट मोठे दाखवणारे भिंग लावून लव सोडून बाकी केस तीनदा मोजले. मधला आकडा ९४ आला. भावोजींनी हे सगळे करू दिले, कारण जिंकण्याची त्यांना खात्री होती. हापूसच्या एका पेटीची पैज लागली.

२०१९ च्या मे महिन्यात त्याच खिडकीत ११२ केस भरले. मी पुन्हा मोजले, ताईचा मुलगाही मोजायला बसला, आकडा हलला नाही. मी खंडेराव मार्केटमधून पेटी आणून दिली, आणि जेवताना भावोजींनी प्रत्येक आंब्यागणिक मला स्टेम सेलविषयी जे ऐकवले ते मी इथे लिहीत नाही. त्या उन्हाळ्यात मला खरोखर वाटू लागले होते, की वीस वर्षे नमुने तपासणाऱ्या माणसाला आपल्या मत्सरापुढे नमुना दिसेनासा झाला असावा.

उलगडा दिवाळीच्या साफसफाईत झाला आणि तो ताईने केला. कोर्सबरोबर क्लिनिक दर महिन्याला एक बाटली देत असे, सोनेरी लेबलची, ‘रूट न्यूट्रिशन’ असे काहीतरी लिहिलेली, आणि सकाळ-संध्याकाळ तिच्यातील ड्रॉपरने डोक्याला लावायला सांगत असे. इंजेक्शने म्हणजे खरा उपचार आणि बाटली म्हणजे नुसते खतपाणी, असे सांगितल्यामुळे भावोजींनी तिचा मला कधी उल्लेखही केला नव्हता. ताई कोणतीही बरी बाटली टाकत नाही. रिकाम्या बाटल्या तिने पणत्यांचे तेल भरायला म्हणून गरम पाण्यात भिजत घातल्या, सोनेरी लेबल सुटून वर आले, आणि खाली कंपनीचे छापील लेबल निघाले : मिनॉक्सिडिल ५ टक्के. रक्तदाबावरील गोळी म्हणून सुरू झालेले, अंगावर केस वाढतात हे लक्षात आल्यावर डोक्याला लावण्यासाठी बनवलेले आणि १९८८ पासून अमेरिकेत विकले जाणारे जुने औषध. आमच्याकडे कोणत्याही मेडिकलमध्ये त्याची बाटली काही शे रुपयांना मिळते. ९४ चे ११२ होणे हे त्याच्या स्वभावाला अगदी साजेसे आहे.

मी ते लेबल वाळवून ठेवले आहे. पण भावोजी काही हरले नाहीत. त्यांचे म्हणणे असे, की बाटलीने थोडे झाले असेल, पाया पेशींनी घातला. शिवाय कोर्स संपताना क्लिनिकने सांगितले होते, की मुळे आता स्वतःच्या पायावर उभी आहेत, बाटलीची गरज नाही. म्हणून ती ऑक्टोबरात बंद झाली. मिनॉक्सिडिल सोडले की त्याने धरून ठेवलेले केस काही महिन्यांत गळतात, हे औषधाच्या माहितीपत्रकातही लिहिलेले असते. फेब्रुवारीत उशीवर केस दिसू लागले. २०२० च्या गणपतीत मोजणी ८९ वर आली. भावोजी आजही सांगतात, की टाळेबंदीमुळे ‘बूस्टर’ चुकला आणि पेशी उपाशी मेल्या. टाळेबंदी होळीनंतर दोन आठवड्यांनी लागली आणि केस होळीच्या आधीपासून गळत होते, हे मी त्यांना पंचांग दाखवून सांगितले आहे. संस्कृतात ‘क्वचित् खल्वाट निर्धनः’ असे म्हणतात, म्हणजे टकल्या माणूस क्वचितच गरीब असतो. टकलावर उपचार करून घेणाऱ्याविषयी सुभाषितकार काही बोललेला नाही.

तुमच्या शहरातील क्लिनिकला मी एकच प्रश्न विचारीन : तुम्ही टोचता त्या खरोखर स्टेम सेल आहेत का? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतील प्रत्यारोपण सोडले तर स्टेम सेलचा वापर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करायचा नाही, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नाहीत. म्हणजे ते खरोखर स्टेम सेल टोचत असतील तर त्यांना ते विकण्याची मुभा नाही, आणि टोचत नसतील तर ते खोटे बोलत आहेत. तिसरी शक्यता मला सुचत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या परिशिष्ट ‘जे’मध्ये, जे आजार बरे करतो असा दावा औषधावर करता येत नाही, त्यांच्या यादीत टक्कल स्पष्ट लिहिलेले आहे. केशरोपण ही निराळी बाब आहे. ते होते आणि टिकते, कारण मागचा केस पुढे आणला तरी तो मागचाच स्वभाव घेऊन येतो, हे नॉर्मन ऑरेंट्राइक यांनी १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये दाखवून दिले. पण त्यात नवे काही निर्माण होत नाही, या खिशातले त्या खिशात जाते.

मग २७ व्या वर्षी करावे काय, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन, आहे ते टिकवणारी औषधे आजपासून सुरू करावीत. हेच मी भाच्याला सांगितले. तो आता २४ वर्षांचा आहे, कपाळ आमच्याच घराण्याचे घेऊन आला आहे, आणि भावोजी त्याला त्याच क्लिनिकमध्ये घेऊन निघाले होते. मी त्याला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेले, त्यांनी तपासून फिनास्टेराइड आणि मिनॉक्सिडिल लिहून दिले, आणि “मामाने पोराला हार्मोनच्या गोळ्यांवर घातले” हा ताज्या भांडणाचा विषय झाला.

या भांडणात भावोजींची बाजू अगदीच पोकळ नाही, हे मला नमूद केले पाहिजे. फिनास्टेराइडने थोड्या पुरुषांत कामेच्छा कमी होते, काहींना उदासी येते, आणि युरोपच्या औषध नियामकाने २०२५ मध्ये आत्मघाताचे विचार हा त्याचा दुष्परिणाम म्हणून मान्य केला आहे. ज्याला आधी नैराश्य येऊन गेले आहे त्याने हे डॉक्टरांना न सांगता गोळी घेऊ नये. घरात गरोदर स्त्री असेल तर तुटलेल्या गोळीला तिचा हात लागू देऊ नये. मिनॉक्सिडिलच्या पहिल्या काही आठवड्यांत केस उलट जास्त गळतात, तेव्हा घाबरून सोडू नये. नाण्याएवढी गोल, गुळगुळीत चाई पडली असेल तर तो रोगच वेगळा आहे, आणि तिच्या गंभीर प्रकारावर २०२२ मध्ये मान्यता मिळालेल्या बॅरिसिटिनिबची बातमी वाचून पुरुषी टकलावर ते मागू नये. पीआरपीविषयीही मी पंगतीत बोललो तितके ते निरुपयोगी नसावे. काही लहान अभ्यासांत त्याचा थोडा फायदा दिसला आहे, तेव्हा भावोजींच्या त्या वाढलेल्या अठरा केसांतले चार-दोन रक्ताचेही असतील. माझा आक्षेप नावाला आणि किमतीला आहे. आणि एकाच डोक्यावर, पैज लावलेल्या माणसाने, कोणती मोजणी आधीची आणि कोणती नंतरची हे ठाऊक असताना केलेली मोजणी कारखान्यात माझ्यासमोर आली असती, तर मी तो कागद सही न करता परत पाठवला असता.

हा शेवटचा मुद्दा मला सुचलेला नाही. भाच्याची पहिली मोजणी १३१ आली, तेव्हा भावोजींनी तो आकडा मान्य करायला नकार दिला आणि अट घातली, की यापुढे खिडकीचे फोटो भाच्याने काढायचे, त्यांवर तारीख घालायची नाही, जुने-नवे एकत्र मिसळायचे, आणि केस मी न मोजता ताईने मोजायचे. सात वर्षांत त्यांनी केलेली ही पहिली शास्त्रीय सूचना आहे. ताईने चष्म्याचा नंबर बदलून घेतला आहे, आणि पुढची मोजणी गणपतीत, जेवणाच्या आधी, करायचे ठरले आहे.